आपले नाव इथे बसत नाही

अमरावतीतल्या एका लय हुशार कम्प्युटरवाल्यानं नऊ जनायमधून मले एकट्याले निवडून कामावर ठेवलं होतं. बाकीच्या आठ जनायले थोडंफार लिहिता-वाचता येत होतं, म्हनून ते बाद झाले.

त्याच्या आंधी मी धामणगाव रेल्वेले जिनिंगमधी रुईच्या गठानी ढकलत होतो. कापसाचे दिवस असे फिरले का जिनिंगचा भोंगा पयले रोज वाजे, मंग हप्त्यातून दोनदा वाजू लागला, अन् एक दिवस भोंगाच भंगारात गेला. मी चाळिशीच्या घरात. शाळेत दोन वर्षं गेलो होतो, दोन्ही वर्षं पयलीतच. अक्षरं शिकलो ते एसटीच्या पाट्यायवरून. प परतवाड्याचा, च चांदूरचा, व वलगावचा. 'ज्ञ'च्या गावाले आमच्या स्टँडवरून गाडीच नव्हती, म्हनून ते अक्षर मले अजूनबी येत नाई.

त्या कम्प्युटरवाल्याले सगळे सर म्हनत, कावून का त्यायचा पयले टायपिंगचा क्लास होता. राजकमल चौकाच्या मांगच्या गल्लीत, वरच्या माळ्यावर त्यायचं दुकान. मुलाखत म्हंजे काय, त कम्प्युटरवरचा एक फॉर्म भराचा. कीबोर्डवर मराठी अक्षरायचे कागद चिकटवले होते, ते शोधू शोधू मी भरला. नावाच्या चौकटीत मी गावाचं नाव टाकलं. जन्मतारखेच्या चौकटीत टाकलं, 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी'. मोबाइलच्या चौकटीत टाकलं, 'सध्या बंद हाय'. सर माह्या मांगं उभे राहून वाचत होते. त्यायचे डोये असे चमकले जसं कोनी त्यायले पेढा दाखवला.

"उद्यापासून ये," म्हने. "पण एक अट आहे. इथं काही शिकायचं नाही. तू शिकलास की माझ्या कामाचा राहणार नाहीस."

ती अट मी चोख पाळली. आयुष्यात हे एकच काम मी सांगितलं तसं केलं.

आता काम काय होतं ते सांगतो. सर इंटरनेटवर भराचे फॉर्म बनवत. शाळायचे, कॉलेजायचे, संस्थायचे. फॉर्ममधल्या दरेक चौकटीच्या मांगं एक लपेल ओळ राहे, तिले सर साचा म्हनत. मानसानं चौकटीत जे टाकलं ते बराबर हाय का नाई, हे तो साचा पाहे. बराबर असलं त आत, नसलं त खाली लाल अक्षरं. माहं काम, चुकीचं टाकून पाहाचं. माही चूक साच्यातून आत गेली का सर हारले, मले चहा. नाई गेली त सर जिकले, तवाबी मलेच चहा, पन आनाले खाली जा लागे.

साचा दिसाले असा, का जशी कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली. सर मात्र तो बोट फिरवू फिरवू वाचत. सुरुवातीले एक टोकदार खून राहे, तिचं नाव सरनं टोपी ठेवलं होतं. शेवटी डॉलरची खून. सर म्हनत, "टोपी ते डॉलर. टोपी विसरलास तर समोरून कोणीही घुसते, डॉलर विसरलास तर मागून." प्रश्नचिन्ह लावलं का त्याचा अर्थ, ही गोष्ट असली तरी चालते, नसली तरी चालते. मले हे कोठून माहीत राहीन. पयल्याच दिवशी सर म्हनले, "चहा सांग. साखरेला प्रश्नचिन्ह." मी खाली टपरीवर गेलो अन् विचारलं, साखर हाय का. टपरीवाल्यानं डब्बा उघडून दाखवला. मी वर येऊन सांगितलं का हाय म्हनते. सरनं माह्याकडं लय मायेनं पाहिलं. म्हने, "छान. तू टिकशील इथं."

मले ते 'अपवाद' म्हनून हाका मारत. "ए अपवाद, खिडकी लाव." मले वाटे हे साहेबासारखं कायतरी नाव हाय. दोन वर्षं मी घरीबी सांगून राहिलो होतो का आपली बढती झाली.

सरचं हे साच्याचं वेड नुस्तं कम्प्युटरात नव्हतं. जिन्यावरून कोनी वर आला का सर त्याले दारातच तपासत. "नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तीन शब्द." एखादा म्हने, "आमी वलगाववाले." सर मान हालवत, "बसत नाही." वीजबिलवाला, दूधवाला, स्वतःचा साळा, सगळे तीन शब्द बोलल्याबिगर आत येत नसत. साळ्यानं त मंग येनंच सोडलं. जेवतानाबी तेच. काकू, म्हंजे सरच्या घरच्या, पोळ्या घेऊन आल्या का सर म्हनत, "दोन ते चार." काकू पाचवी टाकत अन् म्हनत, "आता दाखवा लाल अक्षरं." सर मुकाट्यानं खात. सरचा साचा चालला नाई असं सबन वऱ्हाडात एकच मानूस, ते काकू.

खिशाले लाल पेन कायम. अकोल्याले भाच्याच्या लग्नात बॅनरवर नवरीच्या नावातली वेलांटी चुकली होती. सर सगळ्यायसमोर खुर्चीवर चढले अन् दुरुस्त करू लागले. त्या लग्नाचा जो मोठा फोटो हाय, त्यात नवरा हाय, नवरी हाय अन् दोघायच्या मधात सरचे पाय हायत.

मी एक डाव विचारलं, सर, एवढं काहून? तवा त्यायनं सांगितलं. जवानीत त्यायची हायस्कूलमधी मास्तरची नोकरी ठरली होती. पन एका कागदावर आडनावातली वेलांटी पयली, दुसऱ्या कागदावर दुसरी. तिथला कारकून म्हने, हे दोन मानसं हायत, एकाले आना. दुरुस्तीचा कागद येईस्तोवर जागा भरून गेली.

"कागद बनवतानाच कोणी तपासलं असतं," सर म्हनले, "तर ती चूक तिथंच लाल झाली असती. माझ्या फॉर्ममधून कोणाचं नाव चुकीचं जाणार नाही. एवढंच."

मी म्हनलो, बरं झालं नोकरी गेली, नाई त मी तुमच्या वर्गात असतो अन् तुमाले दवाखान्यात भरती करा लागलं असतं. सर कवाच मोठ्यानं हासत नसत. त्यायचे कान हालत. तवा हालले.

चुकीचं टाकलं का जे लाल अक्षरं येत, ते सर स्वतः लिहीत. दुसरे लोक 'चुकीची माहिती' एवढं लिहून मोकळे होतात. सर दोन दिवस विचार करून राहिले अन् लिहिलं, 'आपले नाव बरोबरच असेल, पण इथे बसत नाही.' म्हने, माणसाला वाईट वाटू नये.

अशात अमरावतीतल्या एका संस्थेनं शेतकऱ्यायच्या पोरीयसाठी नर्सिंगचं शिक्षन अन् राहा-खाची सोय फुकट काढली. त्या वर्षायत आपल्या गावागावात काय होऊन राहिलं होतं ते तुमाले ठाऊक हाय. ज्या घरचा बाप गेला त्या घरच्या पोरीचा नंबर पयला, असं संस्थेनं ठरवलं. फॉर्म सरकडं आला. सरनं तो तीन हप्ते घासला. पोरीचं नाव अन् वडिलांचं नाव, दोन्हीले एकच साचा; त्यात अक्षरं, मधातली जागा अन् टिंब, एवढ्याले परवानगी ठेवली.

मी तपासाले बसलो. आपल्याले सुचलं काय, त टिंब टिंब टिंब, जागा, टिंब टिंब, जागा, टिंब. दाबलं बटन. फॉर्मनं घेतलं अन् वरून धन्यवादबी म्हनलं.

मी नुस्तं सरले दाखवलं असतं त गोष्ट वेगळी होती. मी खाली जाऊन टपरीवरचे चार जन वर आनले. म्हनलो, पाहा, कुमारी टिंब टिंबराव टिंबे नर्सिंगले पास झाली. एक जन हासून हासून जिन्यातच बसला. टपरीवाल्यानं त चार दिवस मले फुकट चहा पाजला. सरचे कान काही हालले नाई. ते खुर्चीवर बसले अन् साच्यातून टिंब काढून टाकलं. म्हने, "टिंब बंद. नाव म्हणजे अक्षरं."

फॉर्म सुरू झाला. येऊ लागले पोरीयचे नावं. सर रोज सकाळी यादी पाहत. सगळे नावं कसे साफ, तीन-तीन शब्द. सर म्हनत, "पाहिलंस? सगळे बसतात."

शेवटच्या दिवशी पाच वाजता फॉर्म बंद होनार होता. सर अन् काकू सकाळच्या एसटीनं अकोल्याले साळीच्या वास्तूले निंगाले. दुकानात मी एकटा, खुर्चीवर पाय टाकून, सर असल्यासारखा.

तेवढ्यात एक बाई अन् तिची पोरगी जिना चढून आल्या. वलगावच्या होत्या. फॉर्मच्या खाली अडचन आल्यास म्हनून आमचा पत्ता होता, तो पाहून आल्या. मी सरसारखं विचारलं, तीन शब्द. बाईनं माह्याकडं पाहिलं अन् कामाचं बोलली.

"भाऊ, माह्या पोरीचं नाव बसत नाई म्हनते. एवढं का मोठं नाव हाय? थोडीशी जागा वाढवून द्या न."

पोरगी म्हने, "जागेचं नाई अम्मी, टिंबाचं हाय." अन् तिनं दाखला माह्यासमोर ठेवला. शाहीन बी शे. रहीम.

आता आपल्याकडल्या मुसलमान लोकायच्या दाखल्यावर शेखचं शे., अब्दुलचं अ., मोहम्मदचं मो., असंच राहते. कवातरी एखाद्या मास्तरनं रजिस्टरात शाई वाचवली अन् ते टिंब मंग नातवापर्यंत आलं. मी म्हनलो, त्यात काय, शेख लिहून टाक.

पोरगीनं मले संस्थेचा नियम वाचून दाखवला, कावून का मले धड वाचता येत नाई हे तिच्या ध्यानात आलं होतं. दाखल्यावर नाव हाय तसंच पाहिजे, फरक दिसला का फॉर्म रद्द. म्हने, शे. लिहिलं त तुमचा फॉर्म घेत नाई, शेख लिहिलं त संस्थावाले घेनार नाईत. अन् बाईनं सांगितलं का पोरीले नर्सिंगची जागा भेटली नाई त तिचा बाप अचलपूरच्या पाहुन्यायले हो म्हननार हाय. पाहुने आईतवारी येनार होते. हे बोलताना पोरगी दाखल्याची घडी घालत होती, परत उकलत होती.

ते टिंब कोनाच्या शहानपनानं बंद झालं ते मले माहीत होतं. पन मी म्हनलो, "सर लय कडक हायत." खोटं नव्हतं ते.

सरले फोन लावला. गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडं होती. सर म्हनले, टिंब हे नाव नाही, मी सांगितलंय तुला. मी फोन पोरीच्या हातात देला.

ती म्हने, "सर, हे टिंब माह्या आजापासून हाय. ते काढलं त मी कोनत्याच कागदावर नाई. तिथं म्हनतीन, ही दुसरीच पोरगी हाय."

मंग सर म्हनले, "त्याला फोन दे."

सरनं मले साचा उघडाले लावला. मी आजवर त्याले हातबी लावला नव्हता. सर तिकडून सांगून राहिले, मी इकडून एक-एक खून शोधून राहिलो. टोपी दिसली? दिसली. पुढं कंस? हाय. कंसातली अक्षरं संपतात तिथं थांब. थांबलो. आता उभी काडी. उभी काडी म्हंजे 'किंवा', हे मले ऐकून ऐकून माहीत होतं. टाकली. 'अक्षरं किंवा', आता पुढं काय?

"आता उलटी," सर म्हनले, अन् गाडी खड्ड्यात गेली. आवाज तुटला. मंग परत आला, बारीक, "उलटी... उलटी... काडी..."

मले ऐकू आलं, उलटी काढली.

मी म्हनलो, "सर, खिडकीतून तोंड बाहीर काढा. काकूले म्हना लिंबू द्या."

"अरे उलटी," सर वरडले.

"होऊन जाऊ द्या सर. अडवू नका. मी थांबतो."

मंग नुस्तं 'टिंब' एवढं ऐकू आलं अन् फोन कटला. मी टिंब टाकलं, अन् वर चढवाचं बटन दाबलं. बटन कोनतं ते पोरीनं दाखवलं.

पोरीनं आपलं नाव टाकलं. शे. च्या टिंबासकट. लाल अक्षरं आले नाई. धन्यवाद आलं अन् नंबर आला. तिनं तो नंबर पयले हातावर लिहिला, मंग दाखल्याच्या झेरॉक्सवर, मंग मायच्या हातावरबी. बाईनं माह्या डोक्यावर हात ठेवला. ती माह्याहून लहान होती, तरी मी ठेवू देला.

आता मले मांगून जे समजलं ते सांगतो. साच्याच्या भाषेत नुस्तं टिंब म्हंजे टिंब नाईच. नुस्तं टिंब म्हंजे 'काहीबी चालते'. खरंखुरं टिंब पाहिजे असन, त त्याच्या आंधी एक तिरपी काडी टाका लागते. तिचंच नाव उलटी काडी. मी ती काडी खाल्ली. म्हंजे 'अक्षरं किंवा टिंब' लिहाचं होतं तिथं मी लिहून ठेवलं, 'अक्षरं किंवा जे मनात येईन ते'. सरनं तीन हप्ते घासलेलं दार मी चौकटीसकट काढून रस्त्यावर ठेवलं अन् दुपारभर डुलकी घेतली.

दुसऱ्या दिवशी सर आले. उलटी झालीच नव्हती हे त्यायनं मले पयले समजावून सांगितलं. मंग यादी उघडली. एकीचं नाव '९८'पासून सुरू होनारा मोबाइल नंबर होतं. एकीचं नाव 'हो' होतं. एकीनं नावाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'फॉर्म भरून राहिली'. वडिलांच्या नावात एकीनं विचारलं होतं, 'मायचं टाकलं तर चालते का'. मी हासाले लागलो. सरनं लाल पेन काढलं अन् यादीवरून बोट फिरवू लागले, तसा मी थांबलो. कावून का सर मोठ्यानं वाचून राहिले होते. वडिलांचं नाव, कै. वडिलांचं नाव, कै. कै. स्व. कै. खाली सरकत गेले अन् कै. येतच राहिलं.

ज्या पोरीयचा नंबर पयला, त्यायचंच नाव टिंबावाचून लिहिता येत नव्हतं. बाप गेला का त्याच्या नावाच्या आंधी टिंब येते, हे माह्या डोक्यात आलं नाई अन् सरच्याबी आलं नाई.

सरनं पेन खाली ठेवलं. म्हने, "हे एवढे शेवटच्या दुपारचे. आधीच्या दिवसांत आले असतील ते परत गेले. जे बसत नाही ते माझ्याकडं राहतच नाही रे. म्हणून मला वाटलं, सगळे बसतात."

त्याच दिवशी सर संस्थेत गेले. मी मांगून थैली घेऊन. सचिवसाहेबानं यादी पाहिली अन् विचारलं, हा गोंधळ कोनी केला. मी सांगनार होतो, देवाशप्पथ, पन तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता अन् थुकाले जागा नव्हती. तेवढ्यात सर म्हनले, "साचा माझा, चूक माझी. आठ दिवस फॉर्म परत उघडा." सचिवसाहेबानं आठ दिवस देले, अन् पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याले देलं.

त्या आठ दिवसात सर फोन घेऊन बसले. यादीत जिचं नाव गडबडीचं, तिले फोन. 'हो' नावाच्या पोरीले लावला तवा मी बाजूलेच होतो.

"तुझं नाव 'हो' आहे का?"

"हो."

सरनं फोन ठेवला अन् माह्याकडं पाहिलं. मंग त्यायचे कान हालले. परत लावला फोन.

त्याच्यानंतर सरनं जेवढे फॉर्म बनवले, त्यात तारखेले साचा, मोबाइलले साचा, पिनकोडले त दोन-दोन साचे. नावाच्या चौकटीले एकच नियम, रिकामी सोडू नका. मी विचारलं, सर, आता मी काय तपासू? म्हने, तू चहा आण. आता ते अकोल्याले स्वतःच्या पोरीजवळ राहतात. फोन केला का अजूनबी पयले तीन शब्द विचारतात, अन् मी सांगितले का म्हनतात, बसलं.

मांगच्या साली माही कंबर धरली. सिलेंडर एका हातानं उचलतो म्हनून शेजाऱ्याले दाखवत होतो. वाकलेलाच सरकारी दवाखान्यात गेलो. इंजेक्शन द्याले जी सिस्टर आली, तिच्या छातीवरची पट्टी मी अक्षर अक्षर लावून वाचली. शाहीन बी शे. रहीम. टिंबासकट.

मंग काय. मी सगळं सांगितलं. मीच तो दुकानातला, मीच साचा उघडला, मीच टिंब टाकलं, मीच बटन दाबलं, मी नसतो त तू आज अचलपूरले भाकरी थापत असती. ती ऐकत ऐकत सुईत औषध भरत होती. मले वाटलं आता बाई रडते का पाया पडते.

तिनं सुईतला बुडबुडा टिचकीनं काढला. म्हने, "काका, ते टिंब पयले बंद कोनामुळं झालं होतं?"

तिथं सर नव्हते, खर्राबी नव्हता.

"माह्यामुळं," म्हनलो.

"मंग पालथे व्हा."